दाराला लावलेली बोराटी

आमच्याकडे कापूस वेचायला जाताना दाराला कुलूप लावत नाहीत. बोरीची काटेरी फांदी दारात आडवी टाकतात. तिला बोराटी म्हणतात. कुत्री, शेळ्या आत शिरत नाहीत, आणि येणाऱ्याला कळतं की घरची माणसं शेतात आहेत, दिवेलागणीला परततील. राळेगाव तालुक्यात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

माझी मोठी बहीण नाल्यापलीकडच्या वस्तीत राहते. आम्ही तिला बाई म्हणतो. वस्तीला एकच विहीर आहे. मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून गावी परतलो तेव्हा तिचं पाणी उन्हाळ्यातही आटत नसे.

त्या वर्षी घरांवर नंबरच्या पाट्या लावायचं काम निघालं. ठेकेदाराची माणसं बाहेरगावची होती. ऐन वेचणीत, भरदुपारी ती वस्तीत आली. प्रत्येक दारात बोराटी होती. त्यांनी घरं पडीक ठरवली आणि पाट्या न ठोकताच परत गेली. बाहेरगावच्या माणसांची चूक समजू शकते. पण सरपंच त्यांच्या सोबत होता. मोटरसायकलवर बसून तो हे पाहत होता आणि काही बोलला नाही. त्याच्या आईच्या दारातही वेचणीत बोराटीच असते.

तो गप्प का बसला, ते ग्रामसभेत कळलं. रस्त्याकडेला गावाचा उकिरडा होता. त्याला लागून एकाला जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, टाकायची होती. उकिरडा हलवायचा, तर नवी जागा घरांपासून आणि पिण्याच्या पाण्यापासून लांब हवी. पंचायत समितीच्या साहेबांनी नकाशा पसरला आणि नाल्यापलीकडे बोट ठेवलं. ती जागा वस्तीच्या वरच्या अंगाला होती, आणि तिथला उतार थेट विहिरीकडे येतो.

"इथं घरं नाहीत," साहेब म्हणाले.

बाई उभी राहिली. "मंग आमी कोण आहो साहेब? भुतं?"

लोक हसले. साहेबही हसले.

"तसं नाही हो. पाहणीत पडीक आलं आहे."

"आमी कापूस येचाले गेलतो. बोराटी लावून गेलतो. तुमाले नाही समजत, तं ह्याले इचारा." तिने सरपंचाकडे हात केला. "मतं मांगाले आला तवा बरोबर घर सापडलं त्याले."

सरपंच उठला नाही. बसल्या जागेवरूनच बोलला, "बाई, गावाचा विकास होऊन राह्यला. जिनिंग आली तं पोरायले काम भेटन. तू कायले आडवी येतं?"

"मी नाही आडवी येत. तुह्या घरामागं जागा हाये, तिथं टाक ना कचरा."

या वेळी साहेब हसले नाहीत. विषय मंजूर झाला. विहिरीबद्दल मी लेखी हरकत दिली. तिची पोच मिळाली. उत्तर आजतागायत नाही.

नाल्यापलीकडे घनकचरा प्रकल्प झाला. खड्डे खणले, पत्र्याची शेड उभी राहिली. ओला आणि सुका कचरा तिथे वेगळा होणार होता. शेडवर पहिल्या दिवसापासून फलक आहे, त्यावर योजनेचं नाव आहे. शेडमध्ये सरपंचाच्या भावाचं कुटार, गुरांचा भुसा, भरलेलं आहे, कारण कुटार भिजून चालत नाही. कचरा बाहेर उघड्यावर पडतो. जिनिंग अजून आलेली नाही. उकिरड्याची जागा मोकळी झाली, तिला तारेचं कुंपण पडलं, एवढंच.

पावसाळ्यात खड्डे भरून वाहिले. विहिरीच्या पाण्यावर तेलकट साय धरली. बाई घागर नाकाजवळ न्यायची आणि ओतून द्यायची. नंतर पाणी तपासायला माणूस आला, बाटली भरून घेऊन गेला. काही दिवसांनी ग्रामपंचायतीने विहिरीच्या कठड्यावर लाल अक्षरांत लिहिलं: पाणी पिण्यास अयोग्य. पाणी कोणी अयोग्य केलं, ते लिहिलेलं नाही.

त्यानंतर पाट्या आल्या. राहिलेली घरं पूर्ण करायची होती. या वेळी माणसं घरी होती. बाईच्या चौकटीवर पाटी ठोकली गेली. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलं रे भाऊ?"

मी वाचून दाखवलं. वॉर्ड, घराचा नंबर, आणि खाली खूण: घनकचरा प्रकल्पाजवळ.

तिने पाटीवरच्या अक्षरांवर बोट टेकवलं. "कचरा आत्ता आला. आमी किती पिढ्यायपासून आहो. अन् आमची खूण कचरा?"

 मला चीड आली, आणि ती अजून आहे.

संध्याकाळी तिने बोराटी आणून विहिरीच्या तोंडावर टाकली, पोरांनी पाणी काढू नये म्हणून.

आता वस्तीतल्या बाया नाला ओलांडून गावातल्या नळावर जातात. नळ सरपंचाच्या घरासमोर आहे. एका सकाळी मी बाईसोबत होतो. सरपंच मोटरसायकल पुसत होता.

"काय बाई, भेटला ना आता पत्ता?"

"भेटला," बाई म्हणाली. घागर नळाखाली लावून ती त्याच्याकडे वळली. "आता पाणी कवा आणून देतं त्या पत्त्यावर?"

त्याने फडकं सीटखाली कोंबलं, किक मारली आणि निघून गेला. घागर भरायला वेळ लागला. नळाची धार बारीक होती.