रिकामी परतणारी गाडी

"लांबून लिहायचं असेल, तर आवाज खाली ठेवावा," असं कोपरेबुवा एकदा म्हणाले होते. युद्ध सुरू झालं आणि ते स्वतःच हे विसरले.

आमचं सांजदैनिक. दुपारी छापून व्हायचं, संध्याकाळी लोकांच्या हातात. आतल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात बुवांचं सदर यायचं, म्हणून त्यांना हे नाव. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण तिथवर वाचायला कोण जातंय! माझं टेबल त्यांच्या समोर. बुवा खुर्चीत क्वचितच टिकायचे. चहा गार होत राहायचा आणि ते खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत, डोक्यात वाक्य घोळवत फिरायचे.

नदीपलीकडच्या गावावर तोफगोळे पडू लागले. बुवांची थोरली बहीण तिथेच. ते ऑफिसातून तिला फोन लावायचे. ताईचं उत्तर ठरलेलं, "सगळं ठीक आहे. बाजार उघडा आहे. तू जेवलास का?" मेहुणे गेले त्या सकाळीही तिने आधी जेवणाचंच विचारलं होतं. बुवांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी त्या 'ठीक आहे'वर अख्खा लेख उभा केला. पलीकडची माणसं जागची हलत नाहीत, त्यांच्या उंबऱ्यांना मुळं फुटली आहेत, वगैरे. लेख गाजला. जिन्यात लोक थांबवून हात मिळवू लागले.

मग मदतखात्याच्या अधिकाऱ्याने पत्रकारांपुढे तोच लेख वाचून दाखवला. "लोकांनाच निघायचं नाही, तर बस कोणासाठी सोडू?" लोकांना बाहेर काढणाऱ्या बस बंद झाल्या.

पलीकडून टीकेचा भडिमार सुरू झाला. तिथल्या साप्ताहिकाने लिहिलं, "शहरात बसून आमच्या छातीची मापं घेऊ नका. शिंपी आमच्याकडेही आहे." आमच्या इतर दोघा सदरलेखकांनी हिरिरीने उत्तरं दिली. एकाने याला कांगावा म्हटलं, दुसऱ्याला त्यात शत्रूची भाषा ऐकू आली. बुवांचं उत्तर तेवढं राहिलं.

"उद्याच्या अंकासाठी आजच द्या," संपादक म्हणाले. "चांगले कान उपटा. ऐन युद्धात फूट पाडतात म्हणावं."

बुवांनी दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. पेनाचं टोपण काढायचं, लावायचं, पुन्हा काढायचं. ती टकटक माझ्या दातांत शिरू लागली. इतक्यात फोन वाजला. ताईच होती. तिचा आवाज इतका चढलेला, की मलाही सगळं ऐकू आलं. या वेळी तिने जेवणाचं विचारलं नाही.

"मुळं फुटलीत म्हणे आम्हाला! अरे, शेजारच्या बाळंतिणीला हातगाडीवर घालून पुलापर्यंत नेलं आणि तशीच परत आणली. धीर कसला डोंबलाचा? बस नाही म्हणून आहोत इथे."

"पण ताई, तूच म्हणालीस ना, सगळं ठीक..."

"मग काय म्हणणार होते? तू तिकडे लांब. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला? मी भावाशी बोलत होते रे, पेपरवाल्याशी नाही."

बुवा भिंतीकडे तोंड करून उभे.

"तुझा पेपर मात्र रोज येतो हो," ती म्हणाली. "गाडी चौकात गठ्ठे टाकते आणि रिकामी निघून जाते. आम्ही बघत बसतो." मग लाइन तुटली.

ते खरं होतं. पूल सगळ्यांना बंद होता, पण पेपरच्या गाडीला पास होता. तो संपादकांच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असायचा. ड्रायव्हर जाताना घेऊन जायचा. इतके दिवस त्या खिळ्याकडे आमच्यापैकी कोणी नीट पाहिलंही नव्हतं.

बुवा बसले. उभ्याउभ्याच लिहिणारा माणूस बसून लिहू लागला. चारच ओळी. "मी चुकलो. पलीकडचे लोक हौसेने थांबलेले नाहीत. त्यांना बाहेर काढायला बस नाही. बस सोडा."

संपादकांनी कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"बुवा, हे माफीपत्र झालं."

"हो."

"अहो, लढाईत माफी मागितली की हरल्यासारखं दिसतं. आणि उद्या अधिकारी विचारेल, काल एक, आज एक?"

"विचारू दे. बस सुटायला हव्यात."

"बस सोडणं आपलं काम आहे का? आपलं काम अंक काढणं." मग ते जरा मऊ झाले. "दमलाय तुम्ही. उद्या जुनंच काहीतरी लावू. ते मांजरावरचं काय सुरेख होतं! वाचक हसतील तरी."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि पेपरवेटखाली सरकवली.

खाली गाडीत आजचे गठ्ठे भरून झाले होते. ड्रायव्हरने पाससाठी हॉर्न दिला. बुवा उठले. गार चहा एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं, चष्मा खिशात घातला.

"मांजर लावू ना मग?" संपादकांनी विचारलं. "बुवा? कोपऱ्यात काय टाकायचं?"

बुवांनी दाराशी थांबून खिळ्यावरचा पास काढला, मुठीत घट्ट धरला आणि ते जिना उतरून गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.