नादधारी, मौनधारी आणि आमच्या दोन आळ्या

पहिलं युद्ध दुसऱ्या युद्धाच्या नंतर झालं, हे मला माझ्या मुलीने चार वेळा समजावून सांगितलं आणि चारही वेळा माझ्या डोक्यावरून गेलं. एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी वहीवर लाल फुली मारली असती. पण इथे चूक माझीच होती म्हणे. नंतरच्या युद्धातल्या लोकांना आधीच्या युद्धाचा विसर पडला होता, त्यामुळे त्यांनी आपल्याच युद्धाला पहिलं म्हटलं. मग जुनं युद्ध सापडलं, तेव्हा दुसरं हा एकच नंबर उरला होता. मी तिला म्हटलं, मग शून्यावं म्हणा. ती म्हणाली, आई, शून्यावं वेगळं आहे.

मुलगी पुण्यात संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. खेळातल्या जगाचा इतिहास लिहिणं हे तिचं काम. जे जग नाहीच त्याच्या इतिहासाला पगार मिळतो, यावर आमच्या ह्यांचा अजून विश्वास नाही. त्यातलं एक जग कंपनीला नको होतं, म्हणून ते तिचं तिच्याकडेच राहिलं होतं. शेकडो तारे, त्यांच्यामधून फिरणारी गलबतं, आणि दोन पंथ. मरणाऱ्या ताऱ्यांचा आवाज ऐकून त्यातून शक्ती मिळवणारे एक, आणि मेलेल्याला त्रास देऊ नये, गप्प बसावं, असं मानणारे दुसरे. तिने त्यांना इंग्रजी नावं दिली होती. मी त्यांचं बारसं केलं, नादधारी आणि मौनधारी.

हे उद्योग मला सुचले नव्हते. मार्गासनीच्या पुढे आत गेलं की आमचं गाव लागतं. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची, आणि दोन गणपती मंडळं. यंदा पोलीस पाटलांनी मध्ये पडून एकच गणपती बसवायचं ठरवून घेतलं. गणपती एक म्हणजे देखावाही एक. तो कशाचा करायचा यावरून तीन बैठका मोडल्या. आमच्या वेल्ह्याकडे इतिहासाचा देखावा करणं सोपं नाही. डोकं वर केलं की गड दिसतो आणि प्रत्येक घरातला कुणीतरी त्या गडावर लढलेला असतो. कुणाचा पूर्वज भाला घेऊन पुढे उभा करायचा आणि कुणाचा मागे, इथेच सगळं अडायचं. शेवटी माझेच जुने विद्यार्थी माझ्याकडे आले. म्हणाले, बाई, जिथं आपलं कुणीच नव्हतं अशी एखादी लढाई सांगा.

माझी लेक तेव्हा घरीच होती. तिच्याकडे अशा लढाया ढिगाने होत्या.

ती घरी आली होती ती वेगळ्याच कामासाठी. मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलं होतं आणि तिने एकच हट्ट धरला होता, काका लग्नाला आले पाहिजेत. काका म्हणजे माझे थोरले दीर. लहानपणी तिला खांद्यावर बसवून नदी ओलांडणारे. सासूबाईंच्या दहाव्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ते आणि आमचे हे एकमेकांशी बोलत नव्हते. तेरावं झाल्यावर थोरल्यांनी खालच्या आळीत, मळ्यालगत घर बांधलं. पुढे ते खालच्या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि हे वरच्याचे. आता मंडळ एक झालं तर भाऊही एक होतील, अशी पोरीला आशा होती. मला नव्हती. दोघांचे स्वभाव मी जवळून पाहिलेत.

निवेदन मी लिहायचं आणि माझ्याच आवाजात रेकॉर्ड करायचं, असं ठरलं. मुलगी सांगायची, मी लिहायचे आणि पान संपेपर्यंत कोण कुणाच्या बाजूने होतं ते विसरायचे. नादधाऱ्यांची एक महामाता मौनधाऱ्यांना जाऊन मिळाली होती, की तिने तसं नाटक केलं होतं? तह मोडला तो तिसऱ्या ग्रहावर की तिसऱ्या युद्धात? हे भाकरी खाता खाता विचारायचे, "मग आत्ता कोण जिंकतंय?" आणि मी म्हणायचे, मला काय माहीत, मी नुसती लिहितेय.

गाव मात्र माझ्यासारखं गोंधळलं नाही. गावाला ती कथा दोन दिवसांत पाठ झाली. खालच्या मंडळाकडे निळे दिवे होते, वरच्याकडे पिवळे. म्हणून मौनधारी निळे केले आणि नादधारी पिवळे. झालं. दुसऱ्या दिवसापासून मौनधारी म्हणजे खालची आळी आणि नादधारी म्हणजे वरची. मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून सांगितलं की हे लोक आपले कुणी नाहीत, हे सूर्यमालेच्याही बाहेरचे आहेत. समोरचे म्हणाले, व्हय बाई, बरोबर हाय, पण आमचं पुतळं बाप्पाच्या उजव्या हाताला पायजेत.

मग मेलेल्यांची वाटाघाट सुरू झाली. मूळ कथेत मौनधाऱ्यांची नऊ गलबतं जळतात आणि नादधाऱ्यांची दोन. खालच्या आळीने हरकत घेतली. मी नऊची पाच केली आणि दोनाची चार. त्यावर वरची आळी रुसली. अखेर सहा-सहा गलबतांवर तोडगा निघाला आणि दोन्हीकडच्या पोरांनी थर्माकोलची गलबतं मोजून घेतली. मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, अगं आई, मग युद्धाला काही अर्थच राहत नाही. मी म्हटलं, अर्थ राहू दे बाजूला, गणपती बसू दे. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीतलं जास्त काय ते मला कळत नव्हतं.

एवढ्या गडबडीत युद्धाच्या सुरुवातीचं पान राहूनच गेलं होतं. ते मुलीने लॅपटॉपवर आधीच लिहून ठेवलेलं होतं. मी त्याचं मराठी केलं, वाक्यं छोटी केली आणि तालमीच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड करून मोकळी झाले. तालीम दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात झाली. निळे-पिवळे दिवे लागले, गलबतं दोऱ्यांवरून सरकली आणि माझा आवाज घुमला.

"एका गुरूचे दोन शिष्य होते, आणि तो गुरू एक तारा होता. गुरुतारा विझायला आला तेव्हा थोरल्या शिष्याने तीन वचनं दिली. तारा गप्प राहिला. मग धाकटा वाकला. तो एक शब्दही बोलला नाही, आणि तारा उजळला. थोरल्याने विचारलं, तू त्याला काय वचन दिलंस? धाकट्याने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी पंथाचे दोन पंथ झाले."

पटांगणात एकदम चिडीचूप झालं. मला वाटलं आवाज चांगला लागला. बायका माझ्याकडे वळून बघत होत्या, तेही मला कौतुकच वाटलं. थोरले दीर खुर्चीवरून उठले आणि निघून गेले. आमचे हे उभे होते तिथेच मान खाली घालून उभे राहिले. मी ह्यांना विचारलं, काय झालं? हे वळून दिव्यांच्या वायरी गुंडाळायला लागले. हे नवीन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले दीर आमच्या ओट्यावर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी डोक्यावरून पदर घेतला आणि दाराआड झाले. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, मध्ये कुणीतरी लागतं. मुलगी ओट्यावर होती, तिच्याकडे बघून ते बोलले.

"पोरी, तुझ्या आईला इचार, आमची उणीदुणी गावाफुडं माईकवर कशाला काढली?"

मी आतून तिला म्हटलं, "काकांना सांग, ती ताऱ्यांची गोष्ट आहे."

"ताऱ्यांची?" ते मुलीलाच म्हणाले. "आईच्या दहाव्याला घाटावर तीनदा बोललो म्या. कुळधर्म चालवीन. बहिणीला माहेर तुटू देणार न्हाई. धाकट्याला अंतर देणार न्हाई. कावळा शिवला न्हाई. आन हा नुसता वाकला तर शिवला. समद्या भावकीनं बघितलं. ही ताऱ्यांची गोष्ट हाय व्हय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गुंजवणीच्या काठावर भाताचा पिंड ठेवला होता आणि ऊन चढत होतं. झाडावर कावळे बसले होते पण खाली एकही येईना. थोरले एकेक वचन देत होते आणि मागे वळून झाडाकडे बघत होते. मग हे दोन पावलं पुढे गेले, वाकले आणि कावळा उतरला. बायका म्हणाल्या, जीव धाकट्यात अडकला होता. परतताना थोरल्यांनी ह्यांना विचारलं होतं, तू काय बोललास रे आईला? हे गप्प राहिले होते. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं. तरी तेच सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, माझ्या आवाजात वाचलं, आणि मेलेली गलबतं मोजत बसल्यामुळे मला ओळखू आलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पदर आणखी पुढे ओढला.

मी मुलीकडे पाहिलं. घाटावर ती आमच्यासोबत होती, पंधरा वर्षांची. तिला त्याबद्दल कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. ती रडत होती. म्हणाली, "काका, मला तरी कुठं कळलं होतं? मला एवढंच दिसलं होतं. पुढचं मी आपलं बनवत गेले."

एवढ्यात हे आतून बाहेर आले. हातात दाढीचा ब्रश, अर्ध्या गालाला फेस. भावाकडे न बघता मुलीलाच म्हणाले, "काकांना सांग, म्या कायबी बोललो न्हवतो."

"खोटं हाय," थोरले म्हणाले. आता ते मुलीकडे न बघता थेट भावाशी बोलत होते. "वाकलास, हात जोडलंस."

"हात जोडलं न्हाईत. पायात कुसळ घुसलं हुतं. ते काढाया वाकलो."

थोरल्यांनी भावाच्या पायाकडे पाहिलं.

"कुसळ?"

"व्हय. मोठं हुतं. आन तेवढ्यात त्यो शिवला. समदी म्हनाया लागली धाकट्याचं ऐकलं. आता सांगू काय, की आईसाठी माज्या मनात त्या टायमाला एक शब्द न्हवता? तुमी तीन वचनं दिली. मला एक सुचलं न्हाई. पाय दुखत हुता एवढंच."

थोरले ओट्याच्या कडेवर बसले. त्यांचा चेहरा मला दाराच्या फटीतून दिसत होता. त्यांना हसू येतंय की रडू, मला सांगता येणार नाही, बहुतेक त्यांनाही आलं नसतं.

"मला वाटलं, आईनं तुला कायतरी सांगून ठेवलंय. माज्याबद्दल. म्या तिला कुठं कमी पडलो ते." मग ओट्याच्या कडेवरून हात फिरवत, "अकरा वर्सं म्या त्येच शोधत बसलो."

"दादा, तुमी परत इचारलंच न्हाई."

"एकदा इचारलं न्हवतं का?"

चहा ओट्यावर गेला आणि गार झाला. जाताना थोरले मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, मांडवाचे डहाळे चुलता आणणार, दुसऱ्या कुणाला सांगायचं न्हाई. आणि मग दाराकडे, म्हणजे थेट माझ्याकडे बघून, "बाई, ते माईकवरचं तसंच ऱ्हाऊ द्या. चांगलं लिवलंय." दाराआड मी नुसती मान हलवली, ती त्यांना दिसली की नाही कोण जाणे. मुलीने डोळे पुसले आणि म्हणाली, तीन युद्धांची कारणं आता नव्याने लिहावी लागतील. मी म्हटलं, आधी कुठलं युद्ध आधी ते ठरव.

दिवसभर हे घरात इकडेतिकडे करत राहिले. दुपारी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा समोर येऊन बसले.

"तुला काय वाटलं हुतं? म्या आईला काय बोललो आसंन?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हे घर सोडून कुठे जाणार नाही, असं वचन दिलं असेल, असं वाटलं होतं."

"कवापासनं?"

"त्या दिवसापासून."

ते सुपाकडे बघत राहिले. मग त्यांना एकेक आठवत गेलं असावं. "म्हंजे भोरच्या पल्याड, घाटाच्या अंगाला तुला हेडमास्तरकी मिळत हुती..."

"हो."

"तू तर म्हनालीस, गुडघं दुखत्यात."

माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. त्या शाळेच्या पटांगणात जांभळाची रांग होती, राहायला खोली होती, आणि बढतीचा कागद मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले होते. मेलेल्या सासूला दिलेला शब्द आपल्यामुळे मोडायला नको, म्हणून पाचव्या दिवशी नकार लिहून दिला. ह्यांना एकदाही विचारलं नाही. आता हे सगळं त्यांना सांगितलं आणि सांगताना मला फार राग आला, त्यांचा आणि त्याहून माझा.

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"आलो आसतो की," ते म्हणाले.