मार्का आणि चिंधी

कुंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजची बाही जोडत होते. फोन ठेवला आणि तशीच मशीन चालवत राहिले... बाही उलटी जोडली गेली. रडू काही आलं नाही. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "शैला, रडायचं तर रड, पण गिऱ्हाइकाचं कापड कशाला बिघडवतेस?" महिना उलटून गेला, ती बाही अजून उसवायची आहे.

बाई डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मीही त्यांच्याच वर्गात शिकले. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात, या रानशेतला निघाल्या. तिथे एका आदिवासी पाड्यामागे ऐन, मोह, बिबळ्याचं थोडं रान उरलंय. कोणतं झाड कधी फुललं, कोणतं वाळतंय, ओहोळाला पाणी किती आहे, हे पाड्यातल्या बायकांनीच दर महिन्याला फिरून बघावं आणि रान जपावं, अशी बाईंची कल्पना. बायका तयार झाल्या. सोबतीला बाईंनी मला ओढलं. मला चिखलात चपला घालायला आवडत नाहीत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "मशीनवर वाकून कुबड येईल तुला, चल," म्हणाल्या आणि आशागडवरून पुढे जाणाऱ्या जीपमध्ये मला कोंबून बसवलं.

२०१५ साल असावं. दर खेपेला तीच झाडं बघायची तर ती ओळखता यायला हवीत, म्हणून बाईंनी निवडक झाडांवर पांढऱ्या रंगाने पट्टे ओढून आकडे घातले. पुढच्या खेपेला गेलो तर त्यातलीच काही झाडं तोडलेली. बाकीच्या रानाला कुणी हात लावला नव्हता. वर्गात कधी आवाज न चढवणाऱ्या बाई त्या दिवशी लाडकीवर ओरडल्या. लाडकी म्हणजे त्या बायकांची पुढारी, आणि एक ऐन तिच्याच घरी गेला होता.

लाडकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मार्का तुमीच मारला ना? मार्का पडला म्हंजे झाड जाणार, आजवर तसंच झालंय. ठेकेदार भरून नेणार, त्यापेक्षा आमीच नेलं. घराला वासे तरी झाले."

बाईंचा चेहरा उतरला. जपायची म्हणून केलेली खूण तिथे तोडायची खूण होती. परतताना जीपमध्ये त्या एवढंच बोलल्या, "झाडं परत लावता येतील गं. पण त्या आता माझं ऐकतील का?" मला वाटलं, संपलं हे प्रकरण. माझ्या चपलांना बरंच वाटलं असणार.

काही दिवसांनी बाई लाल सुती साडी घेऊन दुकानात आल्या. निरोप समारंभात शाळेने दिलेली, एकदाच नेसलेली. मी कात्री घेईपर्यंत त्यांनी ती टराटरा फाडायला सुरुवात केली. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे बघवत नाही. "अहो, मी सरळ कापून देते," म्हटलं. "नको. मार्का मी मारला, कापडही माझंच जाऊ दे."

रानशेतला त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि चिंध्या लाडकीच्या हातात दिल्या. "कोणतं झाड जपायचं ते तुम्हीच ठरवा आणि बांधा." एका म्हातारीने विचारलं, "ही देवाची का गं?" बाई हो म्हणाल्या असत्या तर त्या झाडांना कुणी बोट लावलं नसतं. मी कोपराने ढोसलंसुद्धा. पण बाई म्हणाल्या, "नाही आजी, देवाची नाही. आपलीच आहे, झाड ओळखायला." मला त्यांचा असा राग आला... म्हातारी मात्र हसली आणि एक चिंधी मागून घेतली. त्यानंतर चिंधीचं झाड कुणी तोडलं नाही. चिंधी विटली की बाई त्याच साडीतून नवी फाडून द्यायच्या. बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला तरी लाडकीची फेरी चुकली नाही.

बाईंच्या सुनेने उरलेली अर्धी साडी मला आणून दिली. परवा ती घेऊन रानशेतला गेले. उन्हापावसाने जुन्या चिंध्यांचा रंग पार उडाला होता. लाडकी मला झाडाझाडापाशी नेत होती. मी पिशवीतून कात्री काढली.

"कात्री नको," लाडकी म्हणाली. "बाई फाडायच्या."

आयुष्य कापड शिवण्यात गेलं, हात धजेना. लाडकीने दुसरं टोक धरलं आणि ओढलं. कापड टरकलं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.