अनसूयाबाईंची उंची आणि लोणच्याची फळी

ये वं, अशी जवळ बस. आणि स्टुलावर चढून पंखा पुसायचं कोणी सांगितलं तुला? पडलीस म्हणजे? नागपुरात धंतोलीतल्या हाडांच्या दवाखान्यात मदतनीस होते मी. शिक्षण फारसं नाही, जे शिकले ते तिथंच. तिथली एक गंमत ऐक.

अनसूयाबाई नव्वदीच्या पुढच्या. पाठ दुखते म्हणून सत्तरीच्या मुलानं कळमेश्वरहून आणलेल्या. एक्स-रेत पाठीचा मणका दबलेला. ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे हाडं आतून विरळ होतात, न पडताही पिचतात. मी उंची मोजली, तर जुन्या केसपेपरवरच्या उंचीपेक्षा चांगली चार बोटं कमी.

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमची उंची घटली. वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन घ्यायचं. नाहीतर अजून मणके दबतील, खाटेवरून उठणं होणार नाही."

"मी काहून घटीन गा? यानं घरात टाईल्स बसवल्या, जमीन वर आली. म्हणून लोणच्याच्या बरणीले हात पुरत नाही."

मुलगा म्हणाला, "माय वं, जमीन वर आली तर फळी जवळ येईन ना!"

"मंग फळी वर नेली असन तुनं! मले लोणचं भेटू नये म्हणून. कबूल कर, तवा सुई घेतो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी मुलाला विचारलं, "अहो, मग लोणचं काढतात कशा?"

"खुर्चीवर पाट ठेवून चढते न बाई."

डॉक्टर ताडकन उभे राहिले. "आजच सुतार बोलवा!" चिठ्ठीवर कॅल्शियमच्या गोळीखाली त्यांनी लिहिलं, 'फळी खाली घेणे.' थोड्या वेळानं खालचा मेडिकलवाला ती चिठ्ठी घेऊन वर आला. "सर, ही फळी कोणत्या कंपनीची?"

आजी सुईला तयार होईनात, तेव्हा मुलानं डोळे मिटून खोटंच कबूल केलं. "हो माय. मीच नेली वर."

"पाहा! मले ठाऊकच होतं." रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, तशा त्या खुशीत खाटेवर आडव्या झाल्या आणि सलाईन लावून घेतलं. सुतारानं फळी छातीशी आणली.

वर्षानं अनसूयाबाई परत आल्या, सोबत दोन शेजारणी घेऊन. "डॉक्टर, फळी माह्या छातीशी लागते आता! मी केवढी वाढली! यायलेही तेच इंजेक्शन द्या."

मी मोजलं. उंची होती तेवढीच. घटली नव्हती, त्याचाच आम्हाला आनंद. शेजारणींचीही तपासणी झाली. दोघींची हाडं तशीच विरळ निघाली.

तेव्हापासून म्हातारं माणूस आलं की मी आधी विचारायचे, घरात उंचावर काय ठेवता? औषधाचं नंतर.

जा आता, उशीर होईल. पण लवकर ये वं, आणि सासूबाईंना घेऊन ये, त्याच दवाखान्यात दाखवू. पाठ दुखते म्हणालीस ना त्यांची?