बोटभर वाइन

माझी मैत्रीण नंदिनी गेल्याचा फोन क्योतोहून, तिच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचा आला, तेव्हा मी तोक्योतल्या फुनाबोरीच्या घरात वांगी चिरत होते. "नंदिनी-सान..." एवढंच तो म्हणाला. मला कळलं. तरी मी वेड्यासारखं त्यालाच विचारलं, "तिकडे हललं का?" याला आता दीड महिना झाला.

२०११च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी ती एका बैठकीसाठी तोक्योत आली होती आणि माझ्याकडे उतरली होती. माझी निम्मी काचेची भांडी फुटली, गॅसचा मीटर आपोआप बंद पडला, पण तिच्या बॅगेतली बाटली शाबूत. पीएचडी जर्मनीत केल्यामुळे तिला तिथल्या वाइनचं भारी वेड. संध्याकाळी मी सकाळची भरली वांगी गारच वाढली, तर बाईसाहेबांनी बाटली काढली. "जर्मन, आणि रेड?" मी नाक मुरडलं. जर्मनीची म्हणजे गोड, पांढरी, एवढंच माझं ज्ञान. "लेबलवर 'ट्रोकन' लिहिलंय ना, म्हणजे गोडवा नाही. पिऊन तर बघ." हलकी, किंचित आंबट वाइन, पण वांग्यातल्या शेंगदाण्याच्या कुटाशी अशी जमली की मी निमूटपणे ग्लास पुन्हा पुढे केला. पुढे तिने मला सगळं शिकवलं... आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची, मशरूम, बदक, भाजलेला सॅमन मासा, मसुराची आमटी यांच्याबरोबर घ्यायची, तांबड्या रश्श्याच्या मात्र वाटेला जायचं नाही, तिखटापुढे ती नुसती कडू लागते.

त्याच संध्याकाळी आमची एक सवय सुरू झाली. धक्के थांबेनात, आणि थांबले तरी हलल्यासारखंच वाटायचं. इथे तेव्हा सगळ्यांचंच तसं झालं होतं. नंदिनीने एका ग्लासात बोटभर वाइन ठेवली आणि तो टेबलाच्या मधोमध सरकवला. "पाण्यात नीट दिसत नाही, हिची कड दिसते. कड हलली तर भूकंप, नाहीतर आपला भास."

क्योतोला परत गेल्यावरही तिचे फोन यायचे. "हललं का?" क्योतोत हललेलं मला फुनाबोरीत कसं दिसणार, हे शास्त्रज्ञ बाईला मी सांगायचं? पण मी सांगायचे, "नाही गं." पुढे पुढे ती आमची थट्टाच झाली, मग फोन कमी झाले. गेल्या वर्षी ते पुन्हा वाढले. "आज तीनदा हललं. उठले तर भिंत धरावी लागली."

"ग्लास काय म्हणतोय?"

"ग्लास गप्प आहे."

"मग भास. जरा आराम कर."

मी हे किती सहज म्हटलं... भूकंप नव्हता, भासही नव्हता. तिच्या मेंदूत गाठ होती. ती सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. एकदा तरी मी डॉक्टरकडे जा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, आणि ते मला आतून खातंय.

गेल्या रविवारी दुपारी भरली वांगी केली. तिने पाठवलेली शेवटची बाटली उघडली आणि बोटभर वाइन ग्लासात घालून टेबलाच्या मधोमध ठेवली. समोर माझी लेक सई अभ्यास करत बसली होती. घर अगदी शांत होतं. आणि वाइनची कड हलायला लागली. सावकाश, या बाजूने त्या बाजूला. दिव्याची दोरी सरळ लोंबत होती, पायाखाली काही जाणवत नव्हतं. मोबाइल पाहिला. कुठेही भूकंपाची नोंद नव्हती. मला भास होतोय म्हणावं, तर वहीतून डोकं न काढता सई म्हणाली, "युरेता." हललं म्हणून.

मी ग्लासाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "हो नंदिनी, हललं. डॉक्टरकडे जा."

हळूहळू कड थांबली. ग्लास मी अजून उचललेला नाही.