भाकरी न खाणारा जावई आखाजीला सासुरवाडीत

धानोऱ्याहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी उकडलेलं अंडं सोलत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण गेली चार वर्षं मला कधीही फोन केलात तरी मी बहुधा अंडंच सोलत असतो. "आखाजीले दोन्ही जन या," त्या म्हणाल्या. "मांडा करसू."

बायको, म्हणजे वर्षा, माझ्या तोंडाकडे बघत होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. अक्षय्य तृतीया, आमरसाचा हंगाम आणि खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे, असा तो बेत असतो. आणि मी साखर, गहू, भात, बटाटा यांच्याशी फारकत घेतलेला माणूस. चार वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली म्हणून घाबरून सुरू केलं आणि वर्षभरात तेवीस किलो उतरवले. तेव्हा लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, फोटो मागायचे. वजन उतरवणं म्हणजे लग्न असतं, त्याला बँड असतो. ते टिकवणं म्हणजे संसार. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. उलट एक दिवाळी झाली की दोन किलो येतात आणि ते घालवता घालवता संक्रांत उजाडते.

पण सासूबाईंना नाही म्हणायची हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती, आताही नाही.

नाशिक ते नंदुरबार

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नाशिकहून सटाणा, साक्रीमार्गे एसटी आहे. पहाटेची पकडलीत तर दुपारच्या जेवणाला पोचता. उन्हाळ्यात उशिराची घेऊ नका, साक्रीपुढे खिडकीतून येतो तो वारा नसतो, भट्टीचा श्वास असतो. मुंबई किंवा जळगावकडून येणाऱ्यांनी सरळ रेल्वे घ्यावी, नंदुरबारला उतरावं.

माझ्या बॅगेत काय होतं तेही सांगून टाकतो. बारा अंडी, पनीर, बदाम, जवसाची चटणी, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजायचं यंत्र आणि टॉवेलात गुंडाळलेला वजनकाटा. वजनकाटा नेणारा प्रवासी मी एकटाच असेन. बॅग वर चढवून देताना कंडक्टरनं विचारलं, "फरशी घेऊन चालले का?" वर्षानं तोंड दुसरीकडे फिरवलं, आपण या माणसाबरोबर नाही असं.

सटाण्याच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. मी शेवभाजी मागितली, शेव न घालता. पोऱ्या नव्हे, चांगला मिशीवाला मालकच ऑर्डर घेत होता. त्यानं पेन थांबवलं.

"शेवभाजी, बिगर शेवनी?"

"हो."

"मंग त्यामा काय ऱ्हाई, साहेब?"

प्रश्न बरोबर होता. मी रस्सा प्यायलो. झणझणीत होता, तेलाचा तवंग चांगला बोटभर. वर्षानं माझ्या वाटणीच्या भाकरीसकट दोन भाकरी खाल्ल्या आणि बसमध्ये सुखानं झोपली. मी साक्रीपर्यंत उचक्या देत जागा.

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सरत आला होता, तरी बाजाराच्या बाजूनं रिक्षा गेली की नाकात ठसका बसतोच. शिंकत शिंकत धानोऱ्याला पोचलो.

धानोरा, आखाजी

माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, ओट्यावर उभे होते. मी त्यांना बघून जागच्या जागी थबकलो. दिवाळीत पाहिले तेव्हा पोट सदऱ्याच्या पुढे चालायचं. आता सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. गालफडं बसलेली, पण डोळे आनंदी.

"आबा, काय हे. किती उतरलात."

"गावमा बी सर्वा तेच म्हनतस," आबा खूश होऊन म्हणाले. "जवान दिसी ऱ्हायनू ना, जवाईबापू?"

मला काय वाटलं असेल? काळजी वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. मी रीतसर विचारलं की काय केलंत. ते म्हणाले, काहीच नाही. आणि जेवायला बसल्यावर ते खरंच काहीच करत नव्हते हे दिसलं. तीन मांडे, त्यावर तुपाची धार, आमरसाच्या वाट्या किती ते मी मोजणं सोडून दिलं. मी समोर वांग्याचं भरीत आणि अंडी घेऊन बसलो होतो, सत्तर वर्षांच्या माणसाचं ताट बघत.

सासूबाईंनी माझ्या ताटात मांडा वाढायला हात पुढे केला आणि थांबल्या. आदल्या दिवसापासून पुरण वाटत होत्या. खापरासमोर बसून चेहरा लाल झाला होता. त्या रागावल्या असत्या तर मी टिकलो असतो. त्या फक्त वर्षाला म्हणाल्या, "तुन्हा नवराले मन्हा हातनं गोड लागत नही आते."

मी मांडा घेतला. चतकोर घ्यायचा ठरवला होता, अख्खा खाल्ला. रस त्याच्याबरोबर नसला तर मांड्याचा अपमान होतो असं आबांनी सांगितलं, म्हणून रसही घेतला. मग दुसरा मांडा. चव काय सांगू? रेशमासारखा पातळ, आत वेलदोडा घातलेलं पुरण, कडेला किंचित करपलेला वास. मी डोळे मिटून खाल्ला आणि डोळे उघडल्यावर सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

दुपारी पश्चात्तापानं वजनकाटा बाहेर काढला. खोलीचं दार लावून वजन करायचा विचार होता, पण सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि गुपित फुटलं. मग ओट्यावर जत्रा भरली. शेजारच्या काकू, त्यांच्या सुना, दूध घालायला आलेला गडी, सगळे काट्यावर चढले. आबाही चढले. अठ्ठावन्न.

"दिवाळीले कापूस मोजाले गया तधळ अडुसष्ट भरनू व्हतू," ते म्हणाले. दहा किलो गेले होते. लोकांनी वाहवा केली. मी सगळ्यात मोठ्यानं केली. इतकं खाऊन दहा किलो, आणि मी दोन मांड्यांत दीड किलो वर. मी रात्रभर कुशीवर कुशी बदलत देवाच्या कारभारावर विचार करत होतो.

धडगावचा घाट

दुसऱ्या दिवशी धडगावला निघालो. वर्षाचा भाऊ संजय तिथे सरकारी नोकरीत आहे, त्याची बायको ज्योती तिथल्याच सरकारी दवाखान्यात परिचारिका. त्यांनी नवं घर भाड्यानं घेतलेलं, ते आबांना बघायचं होतं. सासूबाई पाहुण्यांसाठी घरीच राहिल्या.

प्रकाशा गावाशी तापी ओलांडायची, शहाद्याला उतरायचं आणि पुढे शेअर जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे सकाळीच पोचा. दुपारनंतर मिळेलच याची खात्री नाही. भाडं फार नाही, जागा मात्र ड्रायव्हर ठरवतो. त्यानं आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "हा भाऊ बारीक आहे, याला पुढे घ्या." पुढे म्हणजे गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय. पूर्वी मी ऐंशीच्या पुढे होतो तेव्हा मला अख्खी खिडकी मिळायची. तेवीस किलो उतरवून मी गिअर आणि कोंबड्यांची टोपली यांच्यामधली जागा कमावली होती.

सातपुडा उन्हाळ्यात तपकिरी असतो, पानं झडलेली, डोंगराची हाडं दिसतात. पण वळणावळणावर घरांच्या छपरांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या. आमचूर. जीपमध्ये आंबट वास भरला. धडगावला गेलात तर पाव किलो तरी घ्या, बाजारातल्या पाकिटाची चव विसराल.

आबांनी घाटात तीनदा जीप थांबवायला लावली. एकदा झाडामागे जाऊन आले, बाटली तोंडाला लावली, संपवली. पुढच्या वळणावर पुन्हा. माझी बाटलीही त्यांनीच संपवली.

"घसा कोरडा पडी ऱ्हायना सारखा," ते म्हणाले.

मी मागे मान वळवून, गिअर सांभाळत, जीपभर ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं. पाणी भरपूर प्यायलाच हवं, आबांकडून शिका, म्हणूनच त्यांचं वजन उतरलं. एक बाई मान डोलवत होत्या. हे आठवलं की मला आजही पांघरुणात तोंड लपवावंसं वाटतं.

धडगाव

संजयचं घर छोटं, समोर आंबा, मागे डोंगर. ज्योतीनं कोंबडीचा रस्सा केला होता आणि माझ्यासाठी पोळ्यांऐवजी नुसती परतलेली मेथी. कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी तृप्त होऊन जेवलो. आबांनी जेवणानंतर दोन आंबे चोखले.

मग मी माझा रोजचा विधी केला. जेवणानंतर बोट टोचून साखर मोजायची, आकडा नीट आला की स्वतःची पाठ थोपटायची. आबा शेजारी येऊन बसले.

"दुखस का?"

"मुंगी चावल्यासारखं."

"मन्ही बी मोजा." काट्यावर चढले होते तसेच, गंमत म्हणून.

मी टोचलं. यंत्रानं जरा वेळ घेतला आणि चारशे अडतीस दाखवलं. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग सुचलं, बोटाला आंबा लागला असणार. मी हसून म्हणालो, "आबा, हात धुऊन या, हा आंब्याचा आकडा आहे."

ते साबण लावून धुऊन आले. ज्योती तोवर हात पुसत स्वयंपाकघरातून आली होती. दुसरं बोट टोचलं. चारशे एकवीस.

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. सदरा, दहा किलो, रिकाम्या बाटल्या, झाडामागच्या फेऱ्या. या सगळ्याचं मी कौतुक केलं होतं. साखरेवर चार वर्षं वाचलेला, बोललेला, लोकांना पिडलेला माणूस मी.

"काय म्हनस ते?" आबांनी विचारलं.

"साखर जास्त आहे, आबा," मी म्हणालो. "बरीच जास्त."

ज्योतीनं चप्पल घातली. "दवाखाना जवळच आहे. चला, आत्ताच जाऊ." तिचा आवाज साधाच होता, पण संजय न विचारता मोटरसायकलची चावी शोधायला लागला.

डॉक्टरांनी लघवी, रक्त तपासलं, सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं. आणखी काही दिवस असेच गेले असते तर शुद्ध हरपू शकली असती, म्हणाले. आबा दोन दिवस तिथे राहिले. पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी छताकडे बघत विचारलं, "आते आंबा बंद?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, डॉक्टरांना विचारू. त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. मग म्हणाले, "गावले काय सांगू? जवान व्हई ऱ्हायनू म्हनी सांगेल शे."

मला हसू आलं.

परत नाशिकला

धानोऱ्याला आबांना सोडलं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही खाता तसंच यांना देऊ का. चार वर्षांत पहिल्यांदा या घरात कुणी माझा सल्ला मागत होतं. आणि मी नको म्हणालो. मनापासून सांगतो, वाचणाऱ्यांनाही. साखरेची औषधं चालू असताना कुणा जावयाचं बघून भाकरी एकदम बंद करू नका, साखर धाडकन खाली येऊन माणूस पडतो. डॉक्टरांना विचारा, मग हळूहळू.

घरी काट्यावर उभा राहिलो तर अडीच किलो वर. जूनच्या मध्यापर्यंत उतरले. फार अभिमान वाटला नाही, नेहमीचंच काम. धुणं धुतल्यासारखं, उद्या पुन्हा आहेच.

आबा आता इन्सुलिनवरून गोळ्यांवर आलेत. सकाळी बांधावरून चक्कर मारतात, अर्धी भाकरी खातात, भरीत जास्त. परवा त्यांचा फोन आला. वजन चार किलो वाढलं होतं, आणि मी, ज्यानं आयुष्यात कुणाच्या वाढलेल्या वजनाचं कौतुक केलं नाही, वर्षाला हाक मारून सांगितलं.

मग आबांचा आवाज जरा खाली आला. काल कुणाच्या तरी बारशाला पेढा खाल्ला, म्हणाले. एक नव्हे, तीन. "तुम्ही चार वरीस हाई कसं करतस, जवाईबापू?"

मी म्हटलं, "रोज नव्यानं ठरवतो, आबा. आठवड्यातनं एकदा तरी मोडतं. मग पुन्हा ठरवतो."



"मंग बरं शे," आबा म्हणाले. "माले एकलालेच जमस नही, असं वाटनं माले."