आर्लेनसाठी खेळ

आर्लेन हाफटाउन ऑक्टोबरात गेला. छत्तीस वर्षांचा होता. त्याची कबर कर्बी मेबीनं खणली.

ते कर्बीचंच काम होतं. आर्लेन आईकडून बगळा कुळाचा, कर्बी लांडगा कुळाचा. सगळी कुळं दोन बाजूंत वाटलेली. एका बाजूच्या कुळांतलं माणूस गेलं की दुसऱ्या बाजूच्या कुळांनी खणायचं, शिजवायचं, खांदा द्यायचा. ज्यांचं गेलं त्यांनी नुसतं बसायचं. कॅटरॉगसला, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या या वस्तीत, हे असंच चालत आलंय. माती ओली होती आणि मुळं फार. बरोबरच्यांपैकी एकानं विचारलं, "काठी मावेल ना रे?" आर्लेनची लाकडी काठी त्याच्याबरोबर जायची होती. "मावेल," कर्बी म्हणाला. तरी त्यानं पायाकडची बाजू अजून थोडी खणली.

लॅक्रॉसमध्ये, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळात, बचावपटूचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. गोल करणाऱ्याचं राहतं. गोल अडवणाऱ्या गोलरक्षकाचंही थोडंफार राहतं. बचावपटूनं काम नीट केलं, तर मैदानावर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीला कोण टाळ्या वाजवणार?

हे काम आर्लेनला मर्लमामानं शिकवलं. मर्ल म्हणजे त्याच्या आईचा, जेनिवाचा भाऊ. हिकरीचं लाकूड वाफवून, वाकवून तो खेळाच्या काठ्या करायचा. त्याच्या शेडमागच्या गवतात धडे चालायचे.

"चेंडूकडे बघू नकोस," मामा सांगायचा. "समोरच्याच्या कमरेकडे बघ. माणूस डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो. कमरेनं फसवता येत नाही."

"आणि चेंडू मागून आला तर?"

"मागे तो जाड्या उभा आहे ना, तो सांगेल."

जाड्या म्हणजे कर्बी. आर्लेनहून तीन वर्षांनी लहान. पळता येत नाही म्हणून पोरांनी त्याला गोलात उभं केलं होतं, आणि तो तिथंच राहिला. गोलरक्षकाला सगळं मैदान दिसतं. बचावपटूला फक्त आपला माणूस दिसतो. म्हणून गोलरक्षकानं ओरडायचं आणि बचावपटूनं मान न वळवता ऐकायचं. मागे. डावीकडे. सोड त्याला. परत ये. आर्लेननं कधी वळून खात्री केली नाही. विचार करायला वेळच नसायचा. कर्बीचा आवाज आला की पाय हलायचे.

कॉलेज शहरातलं होतं, नाव असलेलं. तिथं पहिल्या वर्षी आर्लेन बाकावर बसून राहिला. दुसऱ्या वर्षापासून समोरच्या संघातला सगळ्यात चांगला खेळाडू त्याच्या वाट्याला येऊ लागला. समोरची पोरं त्याच्या जमातीवरून चिडवायची.

"काय सरदार, घोडा कुठे बांधलास?"

"तुझ्या आजोबांनी नेला. जमिनीबरोबर."

हसून बोलायचा. मग खेळात त्याच पोराच्या बरगडीत काठी अशी बसायची, की पुढचा आठवडाभर तो पोरगा वाकून बुटाची नाडी बांधू शकत नसे.

शेवटच्या वर्षी, कर्बीही त्याच संघात आला होता तेव्हा, मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात देशभर गाजलेला एक आक्रमक आर्लेनकडे होता. त्याला आर्लेननं एकही गोल करू दिला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की त्या आक्रमकाचा दिवस चांगला नव्हता. आर्लेनचं नाव कुठेच नव्हतं. मर्लमामानं बातमी दोनदा वाचली आणि खूश झाला.

"म्हणजे तू झकास खेळलास."

पुढं तळ्याकाठच्या शहरातल्या व्यावसायिक संघानं दोघांनाही घेतलं. व्यावसायिक म्हटलं तरी त्यात घर चालत नाही. आठवडाभर आर्लेन लोकांच्या घरांवर छपरं घालायचा. शुक्रवारी हातावरचं डांबर घासून काढायचं, विमानात बसायचं, दोन दिवस धडका द्यायच्या आणि घ्यायच्या, सोमवारी पुन्हा शिडी. दहा वर्षं असं चाललं. डोक्याला मार लागला की तो बाजूला बसून थोडा श्वास घ्यायचा. डॉक्टर बोटं दाखवून किती ते विचारायचे. तो बरोबर सांगायचा. डॉक्टरांच्या मागे खाली वाकून बसलेला कर्बी तितकीच बोटं दाखवत असायचा.

मग एका सामन्यात मध्येच तो गोलाकडे मागे सरकत आला आणि म्हणाला, "माझा कोण?"

"बावीस नंबर. काय झालं?"

"काही नाही. बावीस."

थोड्या वेळानं परत आला. "कर्बी, माझा कोण?"

सामना संपल्यावर पार्किंगमध्ये कर्बीनं विषय काढला. आर्लेन गाडीला टेकून उभा होता.

"तू फक्त ओरडत राहा," तो म्हणाला. "नंबर सांगत जा. बाकी मी बघतो."

"डॉक्टरला सांगू या."

"डॉक्टरला सांगितलं तर काय होईल, तुला ठाऊक आहे. मी छपरावर वर्षभर राहू शकत नाही, कर्बी. तू ओरड."

कर्बी दोन मोसम ओरडला. सामन्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चेंडू कुठेही असला तरी. घसा बसायचा. प्रशिक्षक नव्या पोरांना म्हणायचे, "गोलरक्षक असा बोलका पाहिजे. शिका."

तिसऱ्या वर्षी जेनिवाला दवाखान्यातून आणायला निघालेला आर्लेन पार भलत्याच बाजूला, पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या हद्दीवर पेट्रोल पंपावर सापडला. त्यानंच फोन केला होता. "कर्बी," तो म्हणाला, "आता डावीकडे की उजवीकडे?" कर्बीला वाटलं, चेष्टा करतोय. तो हसलाही. पलीकडून कुणी हसलं नाही.

त्या वसंतात संघानं आर्लेनला सोडलं. बफलो शहरातल्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, हळू आवाजात बोलले, आणि यावर औषध नाही असं सांगितलं.

"आपल्याकडे आहे," मर्लमामा म्हणाला. "खेळ माग."

लाँगहाऊसमागच्या, म्हणजे वस्तीच्या लांबट सभाघरामागच्या मैदानावर आजाऱ्यासाठी जो खेळ होतो, त्याबद्दल तो बोलत होता. त्यात हेल्मेट नाही, टाळ्या नाहीत, फक्त लाकडी काठ्या. तान्हं पोर सोडून कुणीही पुरुष उतरतो, एका बाजूच्या कुळांचे इकडे, दुसऱ्या बाजूचे तिकडे. मात्र आजाऱ्यानं तो स्वतःच्या तोंडानं मागावा लागतो. आणि खेळ संपेपर्यंत कडेला उभं राहून तो औषधासारखा अंगावर घ्यावा लागतो.

"मला काय झालंय?" आर्लेन म्हणाला. "आणि मी कडेला उभा राहू? मी कधी कडेला उभा राहिलोय?"

"कॉलेजात पहिलं वर्ष काढलंस की," कर्बी म्हणाला.

"तेव्हा बसलो होतो."

"मग बस."

"बसायचं नाही," मामा म्हणाला. तो चेष्टेत नव्हता. "उभं राहायचं. आत पाऊल टाकायचं नाही. तू आत आलास तर ते औषध राहत नाही, नुसती पळापळ होते. तुला जमणार असेल तरच माग."

आर्लेननं मागितला नाही. जेनिवा रोज वाट बघायची. आंघोळीचं पाणी सोडून तो विसरायचा, ती जाऊन बंद करायची. कर्बीनं विनवलं, शिव्या दिल्या. आठवडाभर बोलणं टाकलं, पण आर्लेनला ते कळलंच नाही.

मे महिन्यात एका सकाळी तो चालत मामाच्या शेडमध्ये आला. हातात तंबाखूची पुडी होती. ती त्यानं रीतीप्रमाणे मामाच्या हातात दिली आणि अगदी स्वच्छ बोलला, "मामा, माझ्यासाठी खेळा. मी उभा राहतो."

मामानं रंधा खाली ठेवला. नंतर कर्बीला सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

खेळाच्या दिवशी ऊन होतं. जेनिवा आर्लेनला घेऊन आली आणि रस्त्याच्या कडेला गाडीतच बसून राहिली, मैदानाकडे पाठ करून. हा पुरुषांचा खेळ. बायकांनी बघायचा नाही. आर्लेननं धुतलेला निळा शर्ट घातला होता. मामानं त्याला कडेला नेऊन उभं केलं.

म्हातारे आले होते, शाळेतली पोरं आली होती, छपरांच्या कामावरचे सोबती आले होते. कर्बी लांडग्यांकडून, म्हणजे आर्लेनच्या कुळाविरुद्ध. आयुष्यभर दोघं एका संघात खेळले, पण या मैदानावर समोरासमोरच. इथं गोलरक्षक नसतो, नुसते दोन खांब. कर्बी सवयीनं त्यांच्याजवळच थांबला.

चेंडू पडला. काठ्यांवर काठ्या आपटल्या. कर्बीचं अर्धं लक्ष कडेला होतं. आर्लेन उभा होता. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, चेहरा शांत. एक गोल झाला, आर्लेन उभा होता. आणखी एक झाला. म्हातारे हसत होते, धापा टाकत होते. आर्लेन तसाच उभा. कर्बीला पहिल्यांदा वाटलं, जमतंय. खरंच जमतंय. आणि मग तो खेळायला लागला.

तेवढ्यात बगळ्यांचा एक चपळ पोरगा चेंडू घेऊन कडेकडेनं सुटला. कर्बीकडचा जो मुलगा त्याच्यावर होता, तो चुकीच्या बाजूला वळला.

"मागे!" कर्बी ओरडला. "मागे ये! डावीकडे!"

आर्लेन आला.

कडेवरून आत, मागच्या पावलांनी, गुडघे वाकवून, पाठ कर्बीकडे. दोन्ही हात पुढे, त्यात नसलेली काठी घट्ट धरलेली. त्या चपळ पोरासमोर तो असा बरोबर येऊन उभा राहिला, की पोरगा जागच्या जागी थिजला. चेंडू गवतात पडला. कुणीच उचलला नाही.

सगळे थांबले. आर्लेन तेवढा हलत होता. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, नजर पोराच्या कमरेवर.

कर्बी धावत गेला, त्याचा दंड धरला. "आर्लेन, चल. कडेला चल."

"सोड, गाढवा! माझा माणूस सुटेल." त्यानं हात झटकला. कर्बीकडे बघितलंसुद्धा नाही. "तू गोल सोडून इथं काय करतोयस?"

कर्बीनं पुन्हा धरलं. पुन्हा झटकलं. पोरगा रडायच्या बेताला आला होता.

मर्लमामा जवळ आला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या हाकेनं आलाय," तो कर्बीला म्हणाला. "तुझ्याच हाकेनं जाईल."

कर्बी परत खांबांपाशी गेला.  

"सोड त्याला," तो ओरडला. "आर्लेन, सोड. उजवीकडे."

आर्लेननं लगेच सोडलं. उजवीकडे सरकला.

"उजवीकडे. अजून. मागे. मागे. मागे."

तो गेला. इतक्या लोकांमधून, कुणालाही धक्का न लावता, एकदाही न वळता, कर्बीच्या शब्दावर एकेक पाऊल मागे टाकत गेला. कॉलेजात किंवा शहरातल्या त्या मोठ्या मैदानांवर तो इतका चांगला कधी खेळला नसेल. बूट कडेच्या उंच गवतात गेले.

"थांब."

थांबला. हात खाली आले.

खेळ पुढे झाला, कारण अर्धवट सोडता येत नाही. कर्बीनं शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. संपल्यावर मामानं कातड्याचा चेंडू आर्लेनच्या हातात ठेवला. तो चेंडू आजाऱ्याचा असतो. आर्लेननं तो उलटसुलट करून बघितला आणि मामाचे आभार मानले.

लोक मक्याचं सूप प्यायला वळले. कर्बीनं मामाला गाठलं.

"लागू पडेल का?"

मामा काठ्या गोळा करत होता. "मला नाही माहीत, पोरा," तो म्हणाला.

कर्बी रस्त्यावर गेला. जेनिवा तशीच बसली होती, हात स्टीअरिंगवर, गाडी बंद. त्यानं वाकून खिडकीत बघितलं.

"झालं, मावशी."

"तुझा आवाज आला मला," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे आत गेला तो."

 मागून एक ट्रक आला, गेला. जेनिवानं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली.

"जा, आण त्याला," ती म्हणाली. "ओरडू नकोस. जाऊन आण."